मौनाचा जीआर

नगरहून दौंड रस्त्याला लागलं की आठ-नऊ किलोमीटरवर अरणगाव येतं. तिथल्या मेहेराबादेत मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं. ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवला तोवर ते मोडलं नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून आणि पुढे नुसत्या हातवाऱ्यांनी ते जगाशी बोलत राहिले. त्या मौनाला १०० वर्षं झाली त्याच महिन्यात, २८ जुलै २०२५ रोजी, महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने एक जीआर काढला आणि राज्यातल्या तमाम सरकारी कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर तोंड कसं सांभाळायचं ते सांगितलं. योगायोग म्हणायचा. बाबांनी मौन आपण होऊन धरलं होतं. इथे ते पीडीएफमधून वाटप झालं. आणि गंमत बघा, ती पीडीएफ कर्मचाऱ्यांच्या हाती पडली व्हॉट्सअ‍ॅपवरच.

जीआर कुणाला लागू? मंत्रालयातल्या सचिवापासून अकोल्याच्या आदिवासी पाड्यावरच्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना. जिल्हा परिषद, नगरपालिका, मंडळं, महामंडळं, प्रतिनियुक्तीवरचे, कंत्राटी, कुणीही सुटलं नाही. (आमचं अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं. त्यावर मात्र अजून जीआर नाही.) आतापर्यंत १९७९ च्या वर्तणूक नियमांवर भागत होतं. त्या साली परगावी बोलायचं तर ट्रंककॉल लावून ताटकळावं लागे, त्या नियमांना रील कुठून माहीत असणार? मार्च २०२५ मध्ये विधान परिषदेत विषय निघाला, मुख्यमंत्र्यांनी नियम सुधारू असं सांगितलं आणि चार महिन्यांत जीआर हजर. सरकारी कागद इतका झपझप चालू शकतो हे पाहून जिल्ह्यातल्या कित्येक रखडलेल्या वारस नोंदींना गहिवरून आलं असेल.

आता खरं बोलायचं तर जीआरचा अर्धा भाग वाचून आम्ही मनातल्या मनात टाळी वाजवली. कारण ती रील आम्हीही पाहिली आहे. तुम्हीही पाहिली असेल. सरकारी गाडीचं दार उघडतं. आधी बूट दिसतो, मग गॉगल, मग साहेब. मागे दाक्षिणात्य सिनेमाचं ढॅणढॅण संगीत. साहेब कार्यालयाच्या पायऱ्या चढतात, अगदी संथ गतीने. एरवी त्या इमारतीत फाइल चालते, त्याच गतीने. खाली प्रतिक्रियांचा पाऊस: ‘वाघ’, ‘विषय हार्ड’, ‘साहेब म्हणजे साहेब’. आणि नीट पाहिलंत तर चौकटीच्या कोपऱ्यात, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी दीड सेकंद दिसते. निराधार योजनेचा अर्ज घेऊन ती तिसऱ्यांदा आलेली असते. तिला या चित्रपटात काम आहे. संवाद मात्र नाहीत.

जीआर म्हणतो, खासगी खात्यावर फोटो, व्हिडिओ, रील टाकताना सरकारी पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, गाडी, इमारत वापरू नका. प्रोफाइलच्या फोटोपुरती सूट. बरोबरच आहे. खुर्ची आमची, गाडी आमची, डिझेल आमचं, इमारतही आमचीच. तुमची म्हणावी अशी एकच वस्तू त्या रीलमध्ये असते, ती म्हणजे गॉगल. तेवढा घाला आणि घरच्या गच्चीवर काय चालायचं ते चाला.

हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. २०१९ साली गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात एका महिला शिपायाने लांघणजच्या पोलीस ठाण्यात नाचतानाचा टिकटॉक टाकला आणि निलंबन ओढवून घेतलं. पुढच्या वर्षी टिकटॉकच बंद झालं. नाच बंद झाला नाही, त्याने फक्त घर बदललं.

पण थांबा. टाळी वाजवून झाल्यावर आम्हाला एक शंका आली. या रीलबंदीने नुकसान कुणाचं?

आमचं!

राज्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि कार्यालयाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. मंगळवारी दुपारी साडेतीनला कुणी भंडारदऱ्याच्या अंब्रेला धबधब्यापुढे हात पसरून उभं असेल आणि खाली तारीख, वेळ, ठिकाण स्वतःच्या हाताने टाकत असेल, तर त्याहून पक्की हजेरी कुठली? बायोमेट्रिकच्या यंत्राला अंगठा फसवू शकतो. रील फसवत नाही. रील म्हणजे कर्मचाऱ्याने स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय दिलेला जबाब. लाचलुचपतवाल्यांनी सापळा लावायचा, पंच आणायचे, नोटांना पावडर लावायची. आणि इथे माणूस आपण होऊन नव्या मनगटी घड्याळाचा जवळून फोटो टाकतो. असा पुरावा बुडवायचा म्हणजे घरी चालून आलेल्या लक्ष्मीला ‘टपाल शाखेत द्या’ म्हणून परत पाठवण्यासारखं आहे.

आठवा, जुलै २०२४. परिविक्षाधीन आयएएस पूजा खेडकर यांचं प्रकरण देशभर गाजलं. पाथर्डी तालुक्यातलं भालगाव हे त्यांच्या घराण्याचं गाव, त्यामुळे आम्हा नगरकरांना अंमळ जास्तच रस. खासगी ऑडी, तिच्यावर दिवा आणि ‘महाराष्ट्र शासन’ ही पाटी. त्या गाडीचे फोटो आधी फिरले. रुजू होण्याआधीच दालन आणि गाडी यांची विचारणा करणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अहवालातून बाहेर आले. मग लोक मागे मागे जात राहिले, जुने कागद निघाले आणि ३१ जुलैला यूपीएससीने परवानगीपेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याचा ठपका ठेवून उमेदवारी रद्द केली. आरोप त्यांनी नाकारले आहेत, कोर्टकचेरी आपल्या गतीने होईल. आमचा मुद्दा एवढाच की हे सूत कुठल्या वर्तणूक नियमाने धरलं नाही. ते धरलं एका फोटोने. दिव्याखाली अंधार असतो असं म्हणतात, इथे दिव्यामुळेच उजेड पडला.

तर रील बंद करा, आमची हरकत नाही. पण त्या बदल्यात हजेरीचा दुसरा पुरावा आम्हाला द्या. फुकटचा पुरावा काढून घेता आणि हातात काहीच देत नाही, हा व्यवहार माळीवाड्याच्या बाजारात कुणी मान्य करणार नाही.

आता जीआरमधलं सगळ्यात देखणं वाक्य. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगवेगळी ठेवा. वा! खाजगी निराळं, सरकारी निराळं. ऐकायला किती छान. आता ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, म्हणजे आपल्या जुन्या तलाठी भाऊसाहेबांचा खिसा तपासू. (पदाचं नाव बदललं, सजा तीच आहे. सजा या शब्दाचे दोन्ही अर्थ घ्या.) खिशात फोन एक. विकत घेतला त्यांनी. रिचार्ज मारतात ते. त्या फोनवर गट किती? तहसील कार्यालयाचा गट, मंडळाचा गट, पंचनाम्याचा गट, पीक पाहणीचा गट, निवडणुकीचा गट, आणि ‘फक्त तातडीचे’ नावाचा एक गट, ज्यावर रोज सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फुलासकट शुभ प्रभात येतं. रात्री पावणेअकराला संदेश पडतो: ‘सकाळी नऊपर्यंत माहिती न आल्यास जबाबदारी आपली राहील.’ निळ्या खुणा उमटल्या की नोटीस बजावली गेली असं समजायचं. भाऊसाहेबांची बायको विचारते, इतक्या रात्री कुणाचा मेसेज? तिला काय सांगणार, वैयक्तिक की कार्यालयीन?

२०२१ मध्ये तर ई-पीक पाहणीच्या गटावरच्या एका खोचक संदेशावरून राज्यभरचे तलाठी आंदोलनात उतरले होते. शेतकरी सातबाऱ्यासाठी सजावर चकरा मारत होता आणि मूळ भांडण होतं व्हॉट्सअ‍ॅपवर. पूर्वी फाइल लालफितीत अडकायची. आता ती निळ्या खुणांतही अडकते.

गुरुजींचं आणखी वेगळं. गुरुजींनी सेल्फी काढली की शिस्तभंग. पण हे वेड गुरुजींना लावलं कुणी? २०१६ च्या नोव्हेंबरात याच राज्याच्या शिक्षण खात्याने फर्मान काढलं होतं की शिक्षकांनी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्याबरोबर सेल्फी काढावी आणि ती ‘सरल’ या सरकारी प्रणालीवर चढवावी. गळती रोखायची होती म्हणे. पोरं शाळेतून गळत होती आणि गुरुजींच्या फोनमधून नेटवर्क. बोंबाबोंब झाली, तेव्हा ते बासनात गेलं. २०२२ मध्ये तिरंग्याबरोबर सेल्फी आली. २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या पत्राबरोबर मुलांची सेल्फी आली. म्हणजे सेल्फीत मुख्यमंत्र्यांचं पत्र असेल तर उपक्रम, गुरुजींची मोटारसायकल असेल तर गैरवर्तन. सेल्फी वाईट नसते. चौकटीत कोण आहे त्यावर तिची जात ठरते.

आणि अंगणवाडी ताई. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन सरकारलाच परत करण्याचं आंदोलन केलं होतं. फोन तापायचे, अडकायचे आणि पोषण ट्रॅकरचं अ‍ॅप चक्क इंग्रजीत. शेवगावच्या एखाद्या वस्तीवर खिचडी शिजवून, पोरांची वजनं घेऊन, गरोदर बायकांची नोंद करून मग ताईंनी इंग्रजीत टंकायचं. या ताईंना निवृत्तिवेतन मागितलं की सांगतात, तुम्ही सरकारी कर्मचारी नाही, तुम्ही मानधनी. फोटो चढवायला उशीर झाला की मात्र ताबडतोब सरकारी. अशा माणसाने खाती वेगळी ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? डावा अंगठा वैयक्तिक आणि उजवा अंगठा कार्यालयीन?

सरकारला खरंच दोन खाती वेगळी हवी असतील तर सुरुवात सरकारने करावी. सव्वासहा वाजले की गट बंद. कामाचा फोन सरकारचा, रिचार्ज सरकारचं, आणि माणूस घरच्यांचा. हे एक कलम घातलं असतं तर निम्म्या कर्मचाऱ्यांनी जीआरची फ्रेम करून देव्हाऱ्यात लावली असती. बोधचिन्हासकट.

पुढचं कलम तर आम्ही दोनदा वाचलं. योजनेच्या यशाबद्दल, सामूहिक कामाबद्दल लिहायला हरकत नाही, पण स्वतःची स्तुती होणार नाही याची काळजी घ्या. आम्ही चष्मा पुसला. तिसऱ्यांदा वाचलं. तेच होतं.

६ मे २०२५ रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, अहिल्यादेवींच्या जन्मगावी, राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. त्रिशताब्दीचं वर्ष, मान मोठा. त्या दिवशी आमच्या फोनवर चौंडी जितक्या वेळा आली तितक्या वेळा जामखेडची एसटीही चौंडीला जात नसेल. उतरताना, चढताना, नमस्कार करताना, करून झाल्यावर, आणि पुन्हा दुसऱ्या बाजूने. पण वर्तणूक नियम कर्मचाऱ्यांना, मंत्र्यांना नव्हेत. स्वस्तुती हा घटनेने लोकप्रतिनिधींसाठी राखून ठेवलेला प्रवर्ग असावा. आणि स्वतःला वेळ नसला तर माणसं ठेवता येतात. २०२४ मध्ये याच राज्याने ५० हजार योजनादूत नेमायचं ठरवलं होतं, महिना १० हजार रुपये मानधनावर. काम एकच, सरकारच्या योजना लोकांना सांगायच्या. उत्तर प्रदेशाने तर त्याच वर्षी सरकारच्या बाजूचं लिहिणाऱ्या-दाखवणाऱ्या समाजमाध्यम मंडळींना महिन्याला ८ लाखांपर्यंत देणारं धोरण आणलं. हिशेब सोपा आहे: योजनेबद्दल गोड बोलणाऱ्याला मानधन. योजना राबवताना कुठे ठेच लागते ते सांगणाऱ्याला कारणे दाखवा.

इथे आमची टाळी थांबली आणि हात खिशात गेले. कारण जीआरमधली खरी मेख पुढेच आहे. राज्याच्याच नव्हे तर देशातल्या कोणत्याही सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका नको.

‘अलीकडच्या’ म्हणजे किती अलीकडच्या? मलिक अहमदने १४९० मध्ये नगर वसवलं, तेव्हाच्या नगररचनेवर टीका करायला बहुधा मोकळीक आहे. निजामशाहीतल्या कारभारावर तोंडसुख घ्यायलाही हरकत नसावी. त्यानंतरचं जरा जपून. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, आणि इथला माणूस एसटीच्या खिडकीतून अजूनही ‘एक नगर द्या’ असंच ओरडतो. एखाद्या लिपिकाने स्टेटसला ‘आज नगरला आलोय’ लिहिलं, तर ती सवय की धोरणावरची प्रतिकूल टीका? अभिप्रायासाठी विधी व न्याय विभागाकडे पाठवावं लागेल.

किंवा हे घ्या. राहुरीला राहणारा एक कर्मचारी रोज नगर-मनमाड रस्त्याने मोटारसायकलवर कामाला येतो. या रस्त्याची ख्याती तुम्हाला सांगायला नको. एका खड्ड्यात त्याचं चाक जातं, कंबर जाते, आणि तो संध्याकाळी स्टेटसला दोनच शब्द ठेवतो: ‘आई गं!’ ही टीका झाली का? खड्डा हे सरकारचं धोरण नाही, असं सरकारने अजून लेखी दिलेलं नाही.

किंवा हा. तहसीलमधला अव्वल कारकून, बाप शेतकरी, कांदा घोडेगावच्या बाजारात. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती ४ मे २०२४ पर्यंत. बापाचा कांदा मातीमोल झाला. बाप पारावर बसून जे बोलला ते छापता येत नाही. पोराला मात्र ते नुसतं पुढे ढकलताही येणार नाही. बापाने पिकवायचं, पोराने गिळायचं. कांदा नव्हे, शब्द.

आणि मोठा घोळ तर पुढेच. १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यातले लाखो कर्मचारी संपावर होते. घोषणा होती, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. नोव्हेंबर २००५ पासून पुढे नोकरीत आलेल्यांना लागू झालेल्या नव्या योजनेवर ती सरळ सरळ प्रतिकूल टीकाच होती. प्रत्येकाच्या स्टेटसला तीच. उद्या तीच घोषणा प्रोफाइलला लावली तर? प्रोफाइलच्या फोटोला सूट आहे म्हणे, पण ती गणवेशापुरती की पेन्शनपुरती, ते जीआर सांगत नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सरकारी माणसाने कुठल्या जातीवर, धर्मावर गरळ ओकावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच समाजाच्या माणसाचा अर्ज हातात घ्यावा, हे चालणार नाही. एका पक्षाचा झेंडा फोनवर फडकवून निवडणुकीची मतपेटी सांभाळावी, हेही चालणार नाही. गोपनीय कागद फोडावा, कुणाच्या घरचा पंचनामा गटावर फिरवावा, बिलकूल नाही. तिथे जीआर अजून कडक करा, आम्ही सोबत आहोत. पण द्वेष, दिखावा आणि दुखणं या तीन वेगळ्या वस्तू आहेत. जीआरने त्यांची एकच मोळी बांधली आणि वर ‘शिस्तभंग’ अशी एकच चिठ्ठी लावली. कारवाई अर्थातच १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली.

न्यायालयांना हा फरक कळलेला आहे. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की सरकारी नोकरीत शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क दाराबाहेर काढून ठेवत नाही. चपलांसारखे. (चपला आमची उपमा, न्यायालयाची नव्हे.) जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयात एका कर्मचारी महिलेचा खटला आला. राजकीय सभेला हजर राहिली आणि फेसबुकवर लिहिलं म्हणून निवृत्तीच्या तोंडावर तिला निलंबित केलं होतं. मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी सांगितलं, वर्तणूक नियमांच्या मर्यादा पाळून आपलं मत बाळगण्याचा आणि मांडण्याचा हक्क सरकारी नोकरालाही आहे. मर्यादा हव्यातच. पण कुंपण आणि कुलूप यात फरक असतो.

आणि सरकारी नोकराने लिहिणं ही आपल्याकडे काल सुरू झालेली भानगड नाही. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने कुणीतरी शंभरावर पत्रं लिहिली. त्यांत स्वतःच्याच समाजाची चांगलीच खरडपट्टी काढली. कोण हे लोकहितवादी? गोपाळ हरी देशमुख. पेशा? सरकारी नोकरी. आजच्या भाषेत सांगायचं तर मराठीतलं पहिलं गाजलेलं फेक अकाउंट एका सरकारी नोकराचं होतं. आज असता तर तिसऱ्याच पत्राला खुलासा मागवला असता: ‘आपण कार्यालयीन वेळेत विचार केल्याचे निदर्शनास आले आहे.’

इंग्रजांनाही संशय यायचाच. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची धामधूम चालू असताना सबजज्ज असलेल्या महादेव गोविंद रानड्यांना धुळ्याला धाडलं गेलं. तिथे त्यांचं टपाल फोडून पाहिलं जात होतं, ही हकिगत त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्या काळी निदान पाकीट फोडायला एक माणूस नेमावा लागे, डिंक लागे. आता तीही गरज नाही. आपलाच सहकारी पडद्याचा फोटो काढतो आणि साहेबांना पाठवतो. स्वयंसेवी तत्त्वावर.

आता राळेगणसिद्धीकडे वळू. पारनेर तालुक्यातल्या या गावातून अण्णा हजाऱ्यांनी उपोषणं करून करून सरकारकडून जे कायदे पदरात पाडून घेतले, त्यांत माहितीच्या अधिकाराइतकाच महत्त्वाचा एक कायदा आहे. लोकांना तो फारसा माहीत नाही. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा राज्याचा कायदा. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. तो सांगतो की एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. सात. मुद्दाम दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई. बघा, हाही शिस्तभंगच. रीलचा शिस्तभंग सगळ्या राज्याला चार दिवसांत पाठ झाला. फाइलचा शिस्तभंग २० वर्षं झाली तरी कुणाच्या स्टेटसला दिसत नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सरळ म्हणतं, कुणी मागायची वाट पाहू नका, आपण होऊन माहिती लोकांपुढे ठेवा. म्हणजे जे दाखवायचं त्याचा कायदा आहे, आणि जे दाखवू नये त्याचा आता जीआर आहे. आमच्या कार्यालयांनी नेमकी अदलाबदल केली. साहेबांचा गॉगल जगाला दिसला, साहेबांचं टेबल कुणाला दिसलं नाही. आम्हाला उलट हवं आहे. साहेब नका दाखवू, टेबल दाखवा. त्यावर किती अर्ज आहेत, सगळ्यात खालच्या अर्जाची तारीख काय, तो कुणाच्या नावाचा आहे, आणि सही कशासाठी अडली आहे. त्या रीलला संगीत नको, गॉगल नको. व्हरांड्यातली ती म्हातारी स्वतः तिला आवडीचा अंगठा देईल. तिला अंगठा द्यायची सवय आहेच.

तेव्हा आमचा निकाल असा. जीआरमधला रीलवरचा भाग कायम. द्वेषावरचा भाग कायम, जमल्यास वाढीव. टीकेवरचा भाग फेरविचारार्थ परत, कारण योजना कुठे गळते ते मंत्र्याला सगळ्यात शेवटी कळतं आणि तलाठ्याला सगळ्यात आधी. त्याचं तोंड बांधलं तर गळती थांबत नाही, फक्त ऐकू येईनाशी होते. आणि सव्वासहानंतरचे गट बंद करणारं एक नवं कलम, तेवढं राहून गेलं आहे.

वाचकांनाही एक काम आहे. पुढच्या वेळी कार्यालयात अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या. पोचेवर तारीख आणि शिक्का घ्या. सात कामाचे दिवस मोजा आणि आठव्या दिवशी पुन्हा जा. टेबलापाशी उभे राहून नम्रपणे एवढंच विचारा: साहेब, २००५ च्या कायद्याप्रमाणे माझी फाइल आज कुणाकडे आहे? उत्तर मिळालं तर लिहून घ्या. नाही मिळालं, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.